चासी तीच, इंजिन नवं

जुन्या ट्रकचं मूळ इंजिन काढून त्यात नवं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणं म्हणजे त्या ट्रकची ओळख पुसणं, असं जुन्या वाहनांच्या शौकिनांमध्ये सर्रास मानलं जातं. कायदाही आज जवळपास तेच म्हणतो. मला ते पटत नाही. हैदराबादेत बसून जुन्या ट्रकचा विचार करणाऱ्याला तर पटूच नये, कारण दख्खनच्या रस्त्यांवर जे ट्रक दीर्घकाळ टिकले त्यांच्यात इंजिन बदलणं ही जुनी रीत आहे. ट्रक त्याच्या चासीवरून ओळखावा. इंजिन काही वर्षं राबतं आणि जातं. नीट हिशेब करून, पुन्हा उलट फिरवता येईल अशा बेताने केलेल्या बदलाला कायद्याने रस्ता मोकळा करून द्यावा, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे जे ट्रक धावले त्यांत पेट्रोलवर चालणारे भरपूर होते. लष्कराने विकून टाकलेले होते, तसे डॉज, फार्गो, शेव्हरोले, बेडफर्डही होते. पेट्रोलचा खर्च मालवाहतुकीला झेपेना, तेव्हा त्यांच्यात पर्किन्सची डिझेल इंजिनं बसू लागली. पर्किन्सचं पी-६ हे सहा सिलिंडरचं इंजिन तर दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये बसवण्यासाठीच जगभर खपलं, आणि मद्रासच्या सिम्पसनने पर्किन्स इंजिनं इथेच बनवायला घेतली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून बाहेर पडलेल्या डॉज-फार्गोच्या नाकाखालीही पर्किन्सच असे. म्हणजे अमेरिकी चासी, इंग्रजी इंजिन, भारतीय हौदा. आणि तरी लोक त्याला डॉजच म्हणत. टाटांच्या टेल्कोची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बनू लागले, १९६९ मध्ये करार संपला आणि नाकावरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला. इंजिनाची वंशरेषा मात्र चालू राहिली. त्या इंजिनाच्या ६९७ या नावातच हिशेब आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पुढे १९९३ मध्ये कमिन्सशी भागीदारी झाली आणि टाटाने १६१३ या ट्रकमध्ये, त्याच जुन्या मर्सिडीज वळणाच्या बांधणीवर, कमिन्सचं ५.९ लिटरचं ६-बीटी बसवलं. महिंद्राच्या जीपमध्ये आधी विलीजचं पेट्रोल इंजिन होतं, मग प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल आलं, आणि २०१० च्या थारमध्ये त्याच जीपच्या वळणाखाली कॉमन रेल डिझेल इंजिन आलं. कारखाने स्वतः जे करत आले ते एखाद्या मालकाने काळजीपूर्वक केलं तर त्यात तत्त्वतः गैर काय, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

तत्त्व मान्य केलं तरी काम सोपं होत नाही. इंजिन जागेवर बसलं की काम झालं असं समजणाऱ्यांनीच या कामाला बदनाम केलं आहे. खरा प्रश्न गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि ब्रेक यांचा असतो. ८.२५-२० मापाच्या टायरचा ट्रक घ्या. चाक एका फेरीत सुमारे २.९५ मीटर पुढे जातं. डिफरन्शियलचं प्रमाण ६.५ असेल आणि जुन्या गिअरबॉक्सचा टॉप गिअर थेट असेल, तर इंजिनाच्या मिनिटाला १८०० फेऱ्यांना वेग निघतो ताशी ४९ किलोमीटर आणि २५०० फेऱ्यांना ६८. पेट्रोल इंजिन याहून वर फिरायचं, म्हणून ते प्रमाण तेव्हा चालून जायचं; डिझेलला ते अपुरं पडतं. म्हणून नुसतं इंजिन बदलून भागत नाही, ०.७५ च्या आसपास ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्सही सोबत यावा लागतो. मग त्याच १८०० फेऱ्यांना ट्रक ६५ ने जातो, इंजिन निवांत चालतं, डिझेल वाचतं. पण इथेच धोकाही आहे. वेग ५० वरून ७० वर गेला की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि जुने ड्रम १९५० च्या वेगासाठी बनलेले असतात. त्यामुळे माझ्या मते कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी ब्रेक, मग स्टिअरिंगचे सांधे आणि पाटे, आणि शेवटी इंजिन. हा क्रम उलटा लावणाऱ्या गॅरेजकडे ट्रक देऊ नये.

आता इंजेक्शनबद्दल. आपल्याकडे डिझेल ट्रक पहिल्यापासून इंजेक्शनवरच चालत आले. बदलला तो हुकूम देणारा. पूर्वी पंपातला गव्हर्नर ठरवायचा किती डिझेल सोडायचं. आता कॉमन रेल इंजिनात ईसीएम, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ठरवतो, सेन्सरांकडून माहिती घेऊन, रेलमधला दाब हजार-दीड हजार बारच्या पलीकडे नेऊन. याचा फायदा खरा आहे. धूर कमी होतो, थंडीत इंजिन चटकन सुरू होतं, कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते. पण इतक्या दाबाच्या पंपाला गंजलेल्या जुन्या टाकीतला एक कणही खपत नाही. टाकी बदलावी लागते, पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि परतीची स्वतंत्र नळी द्यावी लागते. पेडलला केबल नसते, सेन्सर असतो. जुन्या पेट्रोल ट्रकचं वायरिंग सहा व्होल्टचं असू शकतं, नव्या पिकअपचं बाराचं, मोठ्या ट्रकचं चोवीसचं. शिवाय इमोबिलायझरने चावी ओळखली नाही तर तो इंजिन सुरूच होऊ देत नाही. हैदराबादच्या उन्हाळ्यात अरुंद नाकात इंटरकूलर आणि रेडिएटर दोन्ही बसवून हवा पुरेशी खेळवणं हे वेगळं काम. राणीगंजच्या बाजारात किंवा ऑटोनगरमध्ये सुटं इंजिन स्वस्तात मिळतं, पण त्याचं वायरिंग, ईसीएम, पेडल, चावी आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून मिळणार नसेल तर कॉमन रेलच्या वाटेला जाऊच नये. तिथे जुन्या पंपाचं टाटा ४९७ किंवा कमिन्सचं ४-बीटी अधिक शहाणपणाचं. आणि बीएस-६ इंजिन तर अजिबात नको. त्याचा काजळी अडवणारा डीपीएफ, युरियाची टाकी, नायट्रोजन ऑक्साइडचे सेन्सर हे सगळं काढून टाकूनच ते जुन्या चासीत बसतं, आणि तसं केलं की ज्या स्वच्छतेसाठी ते घेतलं तीच हरवते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वारशाचा आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. हैदराबादेत परिवहन महामंडळाच्या बस भवनात १९३२ ची एक अल्बियन बस जपून ठेवलेली आहे. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने त्या वर्षी २७ गाड्यांनी सेवा सुरू केली, त्या काळाची ती साक्ष. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, तिथल्या रस्त्यांवरही हाच विभाग बस चालवत असे. अशा गाडीचा एक नट बदलायचीही वेळ आली तर दहादा विचार करावा. पण अल्बियनला लागू होणारा नियम शेतावर पडून असलेल्या हजारांतल्या एका डॉजला लावला तर त्याचं भवितव्य एकच, भंगार. संग्रहालयातली दुर्मीळ वस्तू आणि काम करणारं साधन यांत फरक करायलाच हवा. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेतही म्हटलं आहे, की बदल करावाच लागला तर तो शक्यतो उलट फिरवता यावा. कामाच्या भाषेत सांगायचं तर चासीच्या पट्ट्या कापायच्या नाहीत, त्यांच्या कडांवर वेल्डिंग करायचं नाही, मूळ भोकांनाच बोल्ट लावून नवे माउंटिंग बसवायचे, इंजिनाचा तेलाचा संप पुढच्या एक्सलला घासतो म्हणून एक्सलला हात लावायचा नाही, संप बदलायचा. मूळ इंजिन तेल घालून, क्रमांकासह जपायचं.

कायद्याकडे पाहिलं की मात्र निराशा येते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. ते चांगलंच झालं. पण इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यातून बाहेर. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की वाहनाचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होता कामा नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की त्याच चौकटीत डिझेल इंजिन काढून नवं सीएनजी इंजिन बसवायला वाट आहे, आणि एआयएस-१२३ मानकाखाली मंजूर किट लावून विजेची मोटर बसवायलाही. म्हणजे इंजिन बदललं की वाहन वेगळं झालं, असं कायदा स्वतःही प्रत्येक वेळी मानत नाही. ब्रिटनने अनेक वर्षं वापरलेल्या गुणपद्धतीत चासीला ५ गुण होते, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग, सस्पेन्शनला प्रत्येकी २ आणि इंजिनाला फक्त १. चासीचे ५ धरून ८ गुण मिळाले की मूळ नोंदणी कायम राहायची. मला हे प्रमाण फार समंजस वाटतं.

यावर अधिकारी म्हणतील की अशी सूट दिली तर चोरीची इंजिनं ट्रकांत जिरतील आणि कुणीही मिस्तरी काहीही जोडून देईल. भीती रास्त आहे. तिच्यावर उपायही आहे. ज्या गाडीतून इंजिन आलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा, नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवा, ब्रेकची चाचणी आणि धुराची तपासणी सक्तीची करा, वाहनाचा वेग मर्यादित ठेवा, व्यावसायिक मालवाहतूक हवी तर वगळा. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने अशा बदलासाठी मानक लिहावं. विजेच्या किटसाठी लिहिता येतं तर यासाठीही येईल.

ते होईपर्यंत वाचकांना एक विनंती. तुमच्या शेतावर, गिरणीमागे किंवा गोदामात असा एखादा ट्रक उभा असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी चासी क्रमांकाचा फोटो काढा, आरसी बुक शोधून ठेवा, आणि मूळ इंजिन वजनावर विकू नका.