काडी कुणी लावली?

“पृथ्वी शेवटी जळणारच आहे, मग पाचटाचं काय घेऊन बसलास?” आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका ज्येष्ठ पंचांनी हे मला चारचौघांत सुनावलं. ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

टेंभुर्णीच्या आजूबाजूची शेती सगळ्यांना ठाऊक आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी आलं आणि ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. आम्हीही ऊसवालेच. पण उसाचा वाळलेला पाला, म्हणजे पाचट, पेटवणं मी सोडून दिलं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते सरीत पसरायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं. खोडव्याला घरचं खत मिळतं, तण दबतं, ओल टिकते. उजनी मायनसमध्ये गेलं की त्या ओलीची किंमत कळते.

एका वर्षी शेजारच्या रानातली तोड संपली आणि संध्याकाळी कुणीतरी पाचटाला काडी लावली. वारं सुटलेलं होतं. जाळ बांध ओलांडून माझ्या खोडव्यात शिरला. पसरलेलं पाचट गेलं, नुकते फुटलेले कोंब गेले, ठिबकच्या नळ्या वितळल्या. बांधावरच्या गवतात तित्तराची अंडी होती. पाणी धरताना मी तिथून जपून पाय टाकायचो. सकाळी पाहिलं तर अंडी काळी पडलेली, आणि तित्तर पलीकडच्या रानात ओरडत होता.

त्याच आठवड्यात हंगामाच्या उपकारस्तुतीची उपासना होती. पुढे ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, केळीचा घड असं अर्पण मांडलेलं. प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा मी म्हणालो, “जमिनीसाठी आणि जळालेल्या जिवांसाठी प्रार्थना करू या. पाचट जाळणार नाही असं मंडळीतल्या शेतकऱ्यांनी ठरवू या.” तेव्हा कुणी काही बोललं नाही. उपासना सुटल्यावर, अर्पणाच्या लिलावाआधी, पंचांनी मला गाठलं. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा ३रा अध्याय काढला, आकाश आणि पृथ्वी अग्नीसाठी राखून ठेवल्याचं वाचून दाखवलं आणि वरचं वाक्य म्हणाले. “काका, पण पाखरं?” असं मी विचारलं. “पाखरांना तारण नसतं. आत्म्यांची काळजी कर,” ते म्हणाले. मागून कुणीतरी “आमेन” म्हणालं. पंचांपेक्षा त्या आमेनचा मला जास्त राग आला. शेजारच्या रानात काडी लागली ती आळसाने किंवा घाईने. इथे काडीला देवाची परवानगी मिळत होती.

शास्त्र काय एकट्या पेत्राच्या पत्रात आहे? उत्पत्तीच्या २ऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. जलप्रलयानंतरचा करार तो एकट्या नोहाशी करत नाही, तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी करतो. लेवीयाच्या २५व्या अध्यायात जमिनीलाही ७व्या वर्षी विसावा सांगितलाय. उसावर ऊस घेणाऱ्या आम्हा लोकांनी तर तो अध्याय भिंतीवर लावायला हवा. पृथ्वीचं शेवटी काय करायचं ते देव बघेल. काडेपेटी त्याने आपल्या हातात दिलेली नाही.

आणि जमिनीची, जिवांची ही काळजी म्हणजे काही धर्माबाहेरून आलेलं खूळ नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक आमचेच. त्यांची गीतं आम्ही उपासनेत गातो, आणि मारलेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मात्र शाळेच्या पुस्तकापुरती ठेवतो. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाला आयुष्य वाहिलं. क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. त्या कामात गावाला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान कबूल करावं लागायचं. दुष्काळी गावांत पाणी अडवणं ही त्या धर्मगुरूची भक्तीच होती असं मी मानतो.

पण पुढच्या हंगामात माझ्याकडे आलेल्या ऊसतोड टोळीतल्या एका बाईने मला गप्प केलं. “मालक, हिरव्या उसाचं पाचट अंग कापतं. पात्यात साप असतो. तोडीआधी पेटवलं तर हात भराभर चालतो, आम्हाला टनावर पैसे.” तिच्या हातांवर चिरा पडल्या होत्या. कडेवर पोर होतं. न पेटवायचा माझा धर्म तिच्या कातडीवर चालला होता, हे तिने मला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून पेटवणाऱ्यांवरचा माझा राग पहिल्यासारखा राहिलेला नाही. पंचांवरचा आहे.

म्हणून शेतकऱ्यांना माझं सांगणं आहे: पाचट जाळू नका, पण न जाळता तोडणाऱ्या टोळीला टनामागे जास्तीचे पैसे द्या, हातमोजे द्या, बूट द्या. मी देतो, ते पुरतं असं नाही. पंचांना मी म्हटलं, अर्पणाच्या लिलावातला काही हिस्सा टोळ्यांच्या कोप्यांवर खर्च करू या. ते म्हणाले, बघू. पुढच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी पेत्राचं पत्र मी आधी काढणार आहे. नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगणारं वचनही त्याच अध्यायात आहे.