आठवण आपोआप टिकत नाही : वॉर्सॉतील दहा पेट्या आणि आमच्या घरातील एक



दर रविवारी आमच्या वस्तीतील बुद्धविहारात अभ्यासवर्ग असतो. दहा-बारा पोरे येतात, बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. दोन महिन्यांपूर्वी त्यातल्या एकाच्या पिशवीतून पुस्तक डोकावत होते. काढून पाहिले तर हिटलरचे आत्मचरित्र, मराठी अनुवाद, फुटपाथवर घेतलेला. मी विचारले, हे का? तो म्हणाला, "दादा, माणूस कसाही असो, शिस्तीचा होता. देशाला असा एक कडक माणूस पाहिजे." आणखी दोघांनी माना डोलावल्या. हे सगळे बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चालले होते.

त्याला तिथल्या तिथे झापणे सोपे होते. मी एवढेच विचारले, "मारणाऱ्याचे पुस्तक वाचलेस. ज्यांना मारले त्यांनी लिहिलेले काही वाचलेस का?" तो गप्प. मग म्हणाला, "ॲन फ्रँकचे नाव ऐकले आहे."

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. पाच वर्षे वर्ग घेतो, पण मीही कधी सांगितले नव्हते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच बाबासाहेबांनी लिहून ठेवले की नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांत विचाराने आणि परिणामाने फरक नाही. हे वाक्य आम्ही भाषणात वापरतो, टाळ्या घेतो आणि पुढे जातो. त्या ज्यूंचे काय झाले, आणि ते जगाला कळले कसे, हे कोण सांगणार? म्हणून पुढच्या रविवारी मी वॉर्सॉची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहीत आहे.

नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी पोलंडच्या राजधानीत ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद केली. चार लाखांहून अधिक माणसे त्या कोंडवाड्यात कोंबली. भूक आणि साथीच्या तापाने रस्त्यावर प्रेते पडू लागली. त्या भिंतीच्या आत इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचा एक इतिहासकार होता. त्याने ओळखले की हे लोक आपल्याला मारतील आणि नंतर आपला इतिहासही तेच लिहितील. त्याने पन्नास-साठ माणसांचा गुप्त गट उभा केला. शिक्षक, लेखक, कार्यकर्ते, धर्मगुरू, पोरसवदा विद्यार्थी. हा गट शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी जमत असे, म्हणून त्याचे सांकेतिक नाव पडले 'ओयनेग शाबेस', शब्बाथचा आनंद.

यांनी काय गोळा केले ते लक्षात घ्या. नाझींचे हुकूम आणि भिंतीवरची पत्रके तर गोळा केलीच. पण त्याबरोबर रेशनची कुपने, नाटकांची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटचे कागद, शाळकरी मुलांचे निबंध, घरी आलेली पत्रे, डायऱ्या, कविता, विनोदसुद्धा. त्यांनी प्रश्नावल्या तयार केल्या : बायका घर कसे चालवतात, मुले भिंतीखालून धान्य कशी आणतात, निर्वासितांच्या गावात काय घडले. आपल्यातले वाईटही त्यांनी लपवले नाही. कोंडवाड्यातील ज्यू पोलिसांची लाचखोरी, पैसेवाल्यांची बेपर्वाई, सगळे लिहिले. केवळ हुतात्म्यांची यादी केली असती तर ते स्मारक झाले असते. त्यांना पुरावा हवा होता.

आणि तो पुरावा जिवंतपणीच उपयोगी पडला. जानेवारी १९४२ मध्ये खेल्मनो या मृत्युछावणीतून एक तरुण पळून वॉर्सॉला पोहोचला. तिथे माणसांना बंद गाडीत धुराने मारतात आणि आपल्याला ती प्रेते पुरायला लावत, हे त्याने सांगितले. हेर्श वासर आणि त्याची बायको ब्लुमा यांनी त्याचा जबाब शब्दशः उतरवून घेतला. गुप्त मार्गांनी अशा बातम्या लंडनपर्यंत गेल्या. जगाला वेळेवर कळले होते. जग हलले नाही, हा भाग वेगळा. पण 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय त्या कागदांनी ठेवली नाही.

२२ जुलै १९४२ पासून कोंडवाड्यातून रोज हजारो माणसे ट्रेब्लिंका छावणीकडे पाठवली जाऊ लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला इस्राएल लिश्टेनश्टाईन या शिक्षकाने दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने कागद पत्र्याच्या दहा पेट्यांत भरले आणि नोवोलिपकी रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात पुरले. दाविद ग्राबर १९ वर्षांचा होता, नाखुम ग्झिवाच १८ वर्षांचा. बाहेर नाकाबंदी चालू असताना दोघांनी आपापले शेवटचे शब्द लिहून पेटीत टाकले. जे आम्हाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही जमिनीत पुरले, असा त्या लिहिण्याचा आशय. वर्गात हे सांगताना मी थांबलो, कारण समोर बसलेली पोरे त्याच वयाची होती.

दुसरा साठा फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन मोठ्या कॅनांत पुरला गेला. रिंगेलब्लुम, त्याची बायको आणि मुलगा मार्च १९४४ मध्ये तळघरातल्या लपण्याच्या जागेत सापडले आणि मारले गेले. साठेक जणांच्या गटातून युद्धानंतर तिघेच उरले : हेर्श वासर, ब्लुमा वासर आणि राखेल आउअरबाख. वॉर्सॉ तेव्हा विटांचा ढिगारा झाला होता. रस्ता कुठला, घर कुठले, कळत नव्हते. आउअरबाख सभांमधून सांगत फिरली की ढिगाऱ्याखाली आपला खजिना आहे, तो काढा. १८ सप्टेंबर १९४६ रोजी पेट्या सापडल्या. पाणी शिरून कागद भिजले होते. दुधाचे कॅन १ डिसेंबर १९५० रोजी बांधकाम करणाऱ्या मजुरांना मिळाले. तिसरा भाग आजतागायत सापडलेला नाही. जे मिळाले ती सुमारे ३५ हजार पाने. १९९९ मध्ये युनेस्कोने ती जगाच्या स्मृतीच्या नोंदवहीत घेतली.

इथे एका पोराने विचारले, "म्हणजे कागद सापडले आणि जगाने ऐकले?" नाही. असेच आपण समजतो आणि इथेच चुकतो. युद्धानंतर वाचलेल्यांचे ऐकायला फारसे कोणी तयार नव्हते. ऑशवित्झमधून परतलेल्या प्रिमो लेव्हीचे पहिले पुस्तक इटलीतील मोठ्या प्रकाशनाने नाकारले. १९४७ मध्ये छोट्या प्रकाशकाने त्याच्या अडीच हजार प्रती काढल्या आणि त्याही सगळ्या खपल्या नाहीत. आउअरबाखने हार मानली नाही. कोंडवाड्यात ती गरिबांसाठी अन्नछत्र चालवत होती. इस्राएलमध्ये गेल्यावर १९५४ पासून तिने याद वाशेम या संस्थेचा साक्षी नोंदवण्याचा विभाग उभा केला. १९६१ मध्ये आइखमानवर खटला भरला तेव्हा साक्षीदार शोधण्यात तिचा हात होता. शंभरावर माणसे कोर्टात उभी राहून बोलली, रेडिओवरून देशाने ऐकले, तेव्हा कुठे घराघरातली गप्प म्हातारी माणसे बोलू लागली.

१९७९ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन शहरात वाचलेल्यांच्या मुलाखती व्हिडिओवर घ्यायला सुरुवात झाली. तो संग्रह आज येल विद्यापीठात आहे, चार हजारांहून अधिक साक्षी. १९९४ मध्ये स्पीलबर्गने सुरू केलेल्या संस्थेने काही वर्षांत पन्नास हजारांवर माणसे बोलती केली. याद वाशेमकडे ४८ लाखांहून अधिक बळींची नावे जमली आहेत. जर्मनीत शाळकरी मुले आपल्या गल्लीतून कोणाला उचलून नेले हे जुन्या दप्तरांतून शोधतात, आणि त्या घरासमोरच्या फुटपाथवर नाव कोरलेला पितळी दगड बसवला जातो. 'असे घडलेच नाही' म्हणणारा इतिहासलेखक डेव्हिड आयर्विंग स्वतःच लंडनच्या कोर्टात गेला आणि २००० मध्ये तिथे उघडा पडला, तेही कागदांच्या बळावर. पण रोमा म्हणजे जिप्सी लोकांचे पाहा. त्यांनाही नाझींनी लाखोंनी मारले. त्यांच्याकडे दप्तरे नव्हती, विद्यापीठे नव्हती. पश्चिम जर्मनीने त्यांचा वंशसंहार मान्य करायला १९८२ साल उजाडले. ज्याचे दप्तर नाही, त्याचे मरणसुद्धा उशिरा मोजले जाते.

मग त्या हिटलरवाल्या पोराने विचारले, "दादा, आपल्याकडे कोणी असे काही पुरले का?"

मला उत्तर देता आले नाही, कारण मला आमची पेटी आठवली.

आमचे गाव परभणी जिल्ह्यातले. जुलै १९७८ च्या अखेरीस मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि आमच्या लोकांची घरे पेटली. न्यू हेवनमध्ये कॅमेरा सुरू झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या वस्तीत कोणी कॅमेरा घेऊन आले नाही. माझी आजी तान्ह्या चुलत्याला घेऊन रात्रभर ज्वारीच्या रानात बसली होती. सकाळी परत आली तेव्हा घरात पत्र्याची पेटी तेवढी उरली होती. त्या पेटीत कडा जळालेले रेशनकार्ड, बाबासाहेबांचा एक फोटो, आजोबांच्या मजुरीची वही आणि चार-दोन पत्रे होती. आजी ती कोणाला उघडू देत नसे. मी कॉलेजात असताना तिला म्हणायचो, "आजी, एकदा सगळे नीट सांग, लिहून घेतो." ती म्हणायची, "बस की मग." मी कधी बसलो नाही. मोर्चे होते, परीक्षा होत्या, जयंतीची वर्गणी होती. २०१६ मध्ये ती गेली. दिवसकार्य झाल्यावर घर आवरताना ती पेटी भंगारवाल्याला दिली. मी तिथेच होतो. कागद चुलीत गेले.

भिंतीआड उपाशी मरणाऱ्या माणसांनी चॉकलेटचा कागद जपला आणि पदवीधर झालेल्या मला आजीचे रेशनकार्ड जपता आले नाही. आमचा इतिहास ब्राह्मणी व्यवस्थेने लिहू दिला नाही, हे खरेच आहे. पण ही पेटी कोणी ब्राह्मणाने विकली नाही.

काही मित्र म्हणतील, ज्यूंचे कौतुक कशाला, आज गाझात काय चालले आहे ते दिसत नाही का? दिसते. म्हणूनच सांगतो, रिंगेलब्लुमच्या पेट्या कोणत्याही सरकारच्या मालकीच्या नाहीत. एका दुःखाची आठवण दुसऱ्याचे दुःख झाकण्यासाठी वापरणे हा त्या पेट्यांचा अपमान आहे. आणखी कोणी म्हणेल, जात आणि वंशसंहार एक नव्हे. बरोबर, एक नव्हे. तिथे काही वर्षांत माणसे संपवली, इथे शतकानुशतके माणसे जिवंत ठेवून माणूसपण संपवले. म्हणून त्यांची व्यथा उसनी घ्यायची नाही, त्यांची पद्धत शिकायची आहे.

आपल्याकडे वाट दाखवणारेही आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढले. ते झाले नसते तर त्या बायकांची नावे त्यांच्याबरोबरच गेली असती. असे काम गावोगाव का नाही? १९७८ साली वीस वर्षांचे असलेले आज सत्तरीकडे आले आहेत. दहा वर्षांनी कोणाला विचारणार?

त्या रविवारी आम्ही एक प्रश्नावली केली. गाव कोणते, घर कुठे होते, पाणी कुठून आणायचे, त्या रात्री कोण कुठे होते, कोणी आसरा दिला, आपल्यातला कोण फितला. माणूस आपल्या बोलीत बोलेल तसेच लिहायचे, सुधारायचे नाही. मोबाइलवर आवाज घ्यायचा, त्याच्या तीन प्रती तीन घरांत ठेवायच्या. जिवंत माणसाची परवानगी घ्यायची. घरातला एकही कागद भंगारात द्यायचा नाही. बारा जणांपैकी आतापर्यंत चौघांनी काम केले आहे.

तो मुलगा नंतर दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, प्रश्नावलीचा कागद मागितला आणि म्हणाला, "दादा, आजोबांना आता कमी ऐकू येते. मोठ्याने विचारावे लागेल."

विचार म्हटले. मोठ्याने विचार, पण याच आठवड्यात विचार.

जयभीम!