नवापुरास जुनी व्हॅन पाहावयास

नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी आगगाडी खांडबारा, चिंचपाडा हीं स्टेशनें मागें टाकून नवापुरास थांबली, तेव्हां ऊन नुकतेंच चढूं लागलें होतें. आम्ही, आमचे थोरले बंधु दादा व त्यांच्या ओळखीचे एक मोटारमिस्त्री असे तिघेजण उतरलों. एक जुनी मारुती ओम्नी विकावयाची आहे असें कळलें होतें. ती पाहावी आणि घ्यावी कीं न घ्यावी तें ठरवावें, एवढेंच काम. परंतु नवापूर स्टेशनावर उतरलेल्या माणसाचें लक्ष आरंभीं तरी दुसरीकडे जात नाहीं.

या स्टेशनांतून दोन राज्यांची सीमा गेली आहे. फलाट सुमारें 800 मीटर लांब. त्यांपैकीं 300 मीटर महाराष्ट्रांत व 500 मीटर गुजरातेंत असें सांगतात. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेंत. एका बांकावर मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंस दोन राज्यांचीं नांवें लिहिलीं आहेत, आणि घोषणा चार भाषांत होतात. रेल्वे आली तेव्हां ही सीमा नव्हती. 1 मे 1960 रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि ती स्टेशनांतून गेली. झाडें, शेतें व माणसांचे सोयरेसंबंध होते तेथेंच राहिले.

आतां ओम्नीच कां, तें सांगितलें पाहिजे. आमच्या वडिलांची एक ओम्नी होती. तिच्यावरच आम्ही दोघे भाऊ मोटार चालवावयास शिकलों. पुढें आजीच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं वडिलांनीं ती विकली आणि त्यानंतर त्या गाडीचें नांव घरांत कोणीं काढलें नाहीं. वडील आतां नाहींत. आजीचें वय 84. गेल्या वर्षीं वाड्यांतील तिच्या हिश्श्याचे कांहीं पैसे आले, तेव्हां ते दादांच्या हातीं देऊन ती म्हणाली, "माझ्यापायीं गेलेली गाडी घरांत परत आण. एकदां सगळ्यांनीं मिळून सप्तशृंगीस जाऊं." मारुतीनें ही गाडी 1984 मध्यें आणली व 2019 मध्यें तिचें उत्पादन थांबविलें. तेव्हां मिळेल ती जुनीच मिळावयाची.

गाडी उच्छल तालुक्यांतील एका खेड्यांत होती. रंगावलीच्या काठचें नवापूर मागें टाकून आमची रिक्षा निघाली. गुजरात कोठें लागलें तें कळलें नाहीं. फक्त वाहनांवरील एमएच 39 च्या जागीं जीजे 26 दिसूं लागलें. मालक वयस्क व अगत्यशील गृहस्थ होते. पांढरी गाडी धुऊन, पुसून अंगणांत उभी होती. सरकतें दार उघडतांच दादांचा चेहरा असा कांहीं उजळला कीं, किंमत न विचारतांच ते हो म्हणतील असें भय आम्हांस वाटलें. आजीस चढण्यास सोयीचा तो सखल तळ आणि तीच ती समोरासमोर बसावयाची ऐसपैस जागा!

ओम्नीचें इंजिन पुढच्या आसनाखालीं असतें. मिस्त्रींनीं आसन उचलून हात लावला, तों इंजिन ऊन लागलें. "सकाळीं जरा दुकानापर्यंत नेली होती, भाऊ," मालक म्हणाले. मिस्त्री हंसले व म्हणाले, "मग आपण चहा घेऊं. थंड झाल्यावर पाहूं." जुनें इंजिन तापलें कीं त्याचे पुष्कळसे दोष झांकले जातात, थंड इंजिन पहिल्या फिरकीस कसें वागतें यावरच त्याची खरी पारख होते. दोन तासांनीं किल्ली फिरविली, तेव्हां मागून निळसर धूर निघाला आणि निघतच राहिला. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे. पांढरा धूर टिकला व पाणी कमी होऊं लागलें तर हेडच्या गॅस्केटची शंका घ्यावी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळीत आहे. मग तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. दोहोंचा जवळजवळ सारखा, तिसऱ्याचा बराच कमी. त्यांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तों दाब वाढला. दोष व्हॉल्व्हचा असता तर तो वाढला नसता. अर्थात् रिंगा व सिलिंडर झिजले होते. "चालेल अजून," मिस्त्री म्हणाले, "पण नांदुरीचा घाट माणसें भरून चढवूं नका."

नंतर हिशेब मांडला. मालकांची मागणी 75,000 रुपयांची. इंजिन उघडून बोअर, पिस्टन, रिंगा करण्यास 25 ते 30 हजार. आणि उघडल्यावर हा आंकडा वाढतो, कमी होत नाहीं. शिवाय सीमा येथें आडवी आली. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रांत ठेवावयाची तर मूळ कचेरीचें ना-हरकत पत्र, नवा क्रमांक व येथील कर हें सारें आलें. नोंदणीचीं 15 वर्षें पुढील वर्षीं पुरीं होत होतीं. मग तपासणी होऊन ती केवळ 5 वर्षांसाठीं नवी होणार. सारें मिळून रक्कम 1,20,000 च्या घरांत गेली. उलट आम्हांस मोठी गाडी वर्षांतून तीनदां लागते व भाड्यास 18,000 रुपये पडतात. म्हणजे साडेसहा वर्षांचें भाडें एकदम द्यावयाचें, आणि नोंदणीचा भरंवसा मात्र सहाच वर्षांचा! विमा व पेट्रोल निराळेंच.

दादा बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं त्यांनीं 40,000 देऊं केले. मालकांनीं नम्रपणें नकार दिला. त्यांतही गैर कांहीं नव्हतें. परततांना नवापूरच्या बाजारांतून पांच किलो तूरडाळ घेतली. या डाळीस 2016 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. निदान घरीं रिकाम्या हातानें जावें लागलें नाहीं. आगगाडीस अवकाश होता. त्या बांकावर दादा गुजरातच्या बाजूस बसले, आम्ही महाराष्ट्राच्या. दादा म्हणाले, "दार सरकल्याचा आवाज तोच होता रे." त्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं.

घरीं आजीनें सारें ऐकून घेतलें. धुराचा रंगही विचारला. मग म्हणाली, "त्यानें गाडी विकली ती मी चालतीबोलती राहावें म्हणून. ती गेली ती गेली. तुम्ही दोघे मला गडावर न्या म्हणजे झालें."

पुढील महिन्यांत भाड्याच्या गाडीनें आम्ही नऊजण निघालों. वरच्या चढणीस 2018 पासून दोरखंडानें ओढला जाणारा डबा आहे. त्यांत आजी खिडकीशीं बसली. उरलेले पैसे दादांनीं तिच्या नांवें ठेवले आहेत.

जुनें वाहन घेऊं पाहणाऱ्या गृहस्थांस आमचें एवढेंच सांगणें आहे: इंजिन थंड असतांना पाहा, कागद आधीं वाचा, आणि वर्षांतून तें किती दिवस लागणार हें बोटांवर मोजा. आपण गाडी घेतों आहों कीं आठवण, हें मात्र ज्यानें त्यानें आपल्याशींच ठरवावें. ती सीमा नवापूरच्या बांकावरील रेघेसारखी ठळक नसते.