पद्मिनीची रबरे

आमच्या घरी १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. पोलादपुरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, सगळे 'फियाट'च म्हणतात. मरहूम अब्बा कुवेतची नोकरी सोडून परतले तेव्हा त्यांनी ती मुंबईत जुनी म्हणून विकत घेतली. तेव्हापासून खेड-दापोलीकडची लग्ने, महाडचा दवाखाना, मुंबईला विमानतळावर माणसे सोडणे-आणणे, सगळे तिच्यावरच झाले.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्यात पेट्रोलचा वास यायला लागला. आधी बॉनेटपाशी, मग आत, मागच्या सीटवर. धाकट्या भावाचे म्हणणे सरळ होते. "भाई, भंगारात देऊन टाकू. पोरं बसतात तिच्यात. एक ठिणगी पडली तर?" त्याचे चुकीचे काहीच नव्हते. पण अम्मीचे गुडघे गेलेत. भावाच्या छोट्या गाडीत तिला खाली धपकन बसावे लागते आणि उठताना दोघांनी हात द्यावे लागतात. मोठ्या जीपसारख्या गाडीत पाय उचलून चढता येत नाही. फियाटची सीट मात्र घरातल्या खुर्चीइतकी उंच. दार उघडायचे, बसायचे, पाय आत घ्यायचे. महिन्यातून दोनदा तिला महाडला डॉक्टरकडे न्यावे लागते. शेवटी आम्हा दोघांत एवढे ठरले की वास असेपर्यंत गाडीत कुणी बसायचे नाही. वास कायमचा गेला तर गाडी राहील, नाहीतर जाईल.

महाडला आमचे जुने मिस्त्रीचाचा आहेत. त्यांच्या गॅरेजात कधीकाळी फियाटचे सगळे सामान मिळायचे. जुलै २०२१मध्ये सावित्रीचे पाणी महाडात चढले तेव्हा पॅकिंगचे कागद, जुने पंप, जेट, सगळ्याचा चिखल झाला. ते स्वतः येऊन गाडी बघून गेले. बॉनेट उघडून त्यांनी कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप बोटांनी दाबला आणि म्हणाले, "हा बघा. वरून चांगला दिसतो. दाबला की पावासारखा." पाइप दोनच वर्षांपूर्वीचा होता. उलट इंजिनाजवळचा एक तुकडा जुना, तो वाळून कडक झालेला, वाकवला की चिरा उघडत होत्या.

या गाडीत पेट्रोल टाकीतून निघते आणि लोखंडी नळीने पुढे येते. इंजिनाला बसवलेला पंप ते ओढतो. या पंपाला वीज लागत नाही. इंजिनातला कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवतो, आत रबरी कापडाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, वरखाली होतो आणि पेट्रोल कार्बोरेटरला जाते. या वाटेवर जिथे जिथे दोन वस्तू जुळतात तिथे रबर, फायबर किंवा कागदाचे काहीतरी असते. टाकीच्या काट्याखालचे पॅकिंग, पेट्रोल ओततो त्या नळीचा जोड, टाकीच्या झाकणाचे रबर, तीन-चार पाइप, पंपाच्या झाकणाचे पॅकिंग, कार्बोरेटरच्या सुईखालचा वायसर. यातले काहीही गेले की वास.

चाचांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या जुनी गाडी, स्कूटर किंवा शेतावरचे पेट्रोल इंजिन ठेवणाऱ्या प्रत्येकाने ऐकाव्यात. पहिली अशी की टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप फाटला तर तो गळेलच असे नाही. तिथे पंप ओढत असतो, म्हणून चिरेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सपाटीला गाडी ठीक चालते आणि चढावर दम तोडते. आंबेनळी घाटात आमची फियाट दोनदा अशीच बंद पडली होती आणि पंपावर ओले फडके ठेवून आम्ही पुढे गेलो होतो. गरम पंपात पेट्रोलची वाफ धरली की जुन्या गाड्यांचा हाच इलाज. पण चाचांच्या मते आमचे दुखणे वाफेपेक्षा त्या चिरेचे असावे. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकते. तेलाची काठी काढून बघायची. तेल न टाकता पातळी वाढली असेल, ते पातळ झाले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी सुरूच करायची नाही. आमच्या तेलाची पातळी ठीक निघाली, हे नशीब.

पण दोन वर्षांचा पाइप मऊ का पडला? त्याचे उत्तर मिळाले भाच्याकडून. तो महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात फिटर आहे. म्हणाला, "मामू, पेट्रोल बदललंय, रबर तेच राहिलंय. आमच्याकडे अशा पंपाला साधं रबर लावतच नाहीत, विटॉन लावतात."

पेट्रोल बदलले हे खरेच. त्यात इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच मिरज आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात बरेलीकडे. तेव्हा प्रमाण पाच टक्के होते. २०२२मध्ये ते दहावर गेले आणि आता वीस टक्क्यांचे पेट्रोल सगळीकडे आहे. उसाला गिऱ्हाईक मिळते, बाहेरून तेल कमी आणावे लागते, त्याला माझा विरोध नाही. ब्राझीलमध्ये तर १९७९मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी गाडी विक्रीला आली, आणि ती फियाटच होती! पण ती त्यासाठी बनवलेली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून आमची पद्मिनी निघाली तेव्हा हा विचार कुणाच्या डोक्यात असणार? इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबरात शिरते, ते फुगवते, मऊ करते. त्यात ते पाणी धरून ठेवते. आमच्याकडे चार महिने हवाच ओली, आणि गाडी आठ-आठ दिवस उभी.

भाच्याने एक साधा प्रयोग केला. काचेच्या दोन बाटल्यांत पंपावरचे पेट्रोल घेतले. एकीत बाजारातली नेहमीची ओ-रिंग टाकली, दुसरीत विटॉनची. झाकणे लावून बाटल्या घरापासून दूर, परसातल्या मोकळ्या पडवीत ठेवल्या. आठ दिवसांनी साधी रिंग इतकी फुगली होती की ज्या खाचेत ती बसत होती तिथे बसेना. विटॉनची होती तशीच. भाऊ दोन्ही रिंगा हातात घेऊन बराच वेळ बघत होता.

मग सामान. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि तिच्यासोबत दुकानांतला मालही आटत चालला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचा संच मिळाला, पण तो किती वर्षे पाकिटात पडून होता कोण जाणे. वापरले नाही तरी रबर म्हातारे होतेच. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने स्वतःच नखाने दाबून एक संच बाजूला काढला, "हा नको नेऊ." आतून विटॉनचा थर असलेला पाइप साध्याच्या तिप्पट-चौपट भावाने पडला. पाइपवर छापलेले वाचून घ्या, नुसता काळा रंग बघू नका.

काम एका रविवारी आमच्याच अंगणात झाले. चाचांचा हट्ट, बंद गॅरेजात टाकी सोडायची नाही. आधी बॅटरीची तार काढली, टाकी रिकामी केली, वाळूची बादली जवळ ठेवली, पोरांना घरात बसवले. टाकीच्या काट्याचे पॅकिंग कुठेच मिळाले नव्हते. चाचांनी पेट्रोलला चालणारा पॅकिंगचा कागद तोंडावर ठेवला आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलके ठोकत गेले. कडेवर कागद आपोआप कापला जातो, भोके जिथल्या तिथे पडतात. सत्तरीच्या माणसाचा हात, पण एक ठोका इकडचा तिकडे नाही. मागच्या सीटचा वास याच पॅकिंगमधून येत होता. जुने हातात घेतले तर त्याचा चुरा झाला. एकच गळणारा तुकडा बदलून गाडी देणारे बरेच भेटतात. चाचांनी एकही जुने रबर ठेवले नाही, आणि मला ते पटले. एक बदलले की पुढच्या महिन्यात शेजारचे गळते.

पाचशे किलोमीटरनंतर त्यांनी सगळ्या क्लिपा पुन्हा आवळून दिल्या, नवा पाइप थोडा बसतो म्हणून. वास गेला. अम्मी महाडला जाऊन आली. आंबेनळी घाटही चढून बघितला, फडके कोरडेच राहिले. भाऊ अजून बसण्याआधी बॉनेट उघडून वाकून हुंगतो, आणि मी त्याला थांबवत नाही.

खर्च इथेच संपत नाही. नोंदणीची पाच वर्षे भरत आली आहेत आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५पासून दहा हजार झाले आहे. शिवाय टाकी. इतक्या वर्षांचा आतला गंज आणि साका इथेनॉलने सुटून फिल्टरमध्ये येतोय, दर पंधरा दिवसांनी फिल्टर तपकिरी होतो. चाचा म्हणतात पावसाआधी टाकी खाली उतरवून धुवावी लागेल.