बिलोलीची वाट आणि कार्बोरेटरचा हिशेब

नांदेडहून निघून नायगाव आणि नरसी मागे टाकले, की बिलोलीचा रस्ता काळ्या रानातून मांजरा नदीच्या अंगाने जातो. दुतर्फा सोयाबीन, तूर, कापूस. रब्बीत हरभरा आणि ज्वारी. बिलोलीत नवाब सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी दगडी मशीद आहे, ती जरूर पाहा. पुढे येसगीला मांजरा आडवी येते. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे राज्याची शीव झाली आहे. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणातले बोधन. १९५६ पर्यंत दोन्ही काठ एकाच हैदराबाद राज्यात होते. म्हणूनच बिलोलीच्या बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि दखनीही सहज कानावर पडते.

बैलगाडीच्या या वाटेवर आता फटफटीचे राज्य आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि थोड्या पेट्रोलात लांब जाणारी गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, तेव्हा नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पण जुन्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून राबताहेत. दुधाचे कॅन, खताची गोणी, दवाखान्याला निघालेली आजी, सगळा भार तिच्यावरच.

अशा गाडीला घरातला तरणा पोरगा हौसेने दुसरा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर बसवतो. आवाज वाढतो, मन खूश होते. आठ दिवसांनी तक्रारी सुरू होतात. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, इंजिन तापते, चढाला दम तुटतो. मग दोष गाडीवर येतो. खरा दोष मोडलेल्या हिशेबात असतो.

तो हिशेब समजून घ्या. तुम्ही फवारणी करता. पंपाचा नोझल बदलला तर औषधाचे माप पुन्हा बसवावे लागते ना? इंजिनाचेही तसेच. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. कारखान्याने मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर धरून कार्बोरेटरची भोके ठरवलेली असतात. उघड्या फिल्टरने हवा जास्त शिरते, मोकळ्या सायलेन्सरने धूर लवकर निघतो, पेट्रोल मात्र तेवढेच. मिश्रण उणे पडते आणि आतली उष्णता वाढते. तसेच रेटत राहिलात तर पिस्टन जाम होतो. धावत्या गाडीत तो जाम झाला, तर मागचे चाक जागीच धरते आणि माणूस रस्त्यावर पडतो.

म्हणून भाग बदलला की माप बदला. आधी घरीच तपासा: कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर नाही ना, सायलेन्सरच्या तोंडाशी गॅस्केट गळत नाही ना, टॅपेट बरोबर आहेत ना. हे बिघडलेले असेल तर पुढची मेहनत वाया.

मग गाडी चांगली गरम होऊ द्या. कार्बोरेटरला मिश्रणाचा एक छोटा स्क्रू असतो. बंद गाडीवर तो हलक्या हाताने आत फिरवा आणि किती फेरे बसले ते कागदावर लिहून ठेवा. जोर लावू नका, टोक मोडते. आता दीड ते दोन फेरे बाहेर काढा आणि गाडी चालू करा. पाव-पाव फेरा फिरवत जिथे इंजिन सर्वांत गुळगुळीत चालते तिथे थांबा. नंतर रेसच्या स्क्रूने चाल खाली आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की पेट्रोलाचा वाटा वाढतो. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट, बाहेर काढला की वाढतो.

हे झाले कमी रेसचे. मधल्या रेसचे माप सुईवर असते. सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली लावा, सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. पूर्ण रेसचे माप मोठ्या जेटवर. जेटवरचा आकडा मोठा, तर भोक मोठे. एका वेळी एकच बदल करा आणि एकच पायरी चढा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळत नाही.

आता परीक्षा रस्त्यावर. बिलोली–येसगी रस्त्याला वाळूच्या गाड्या धावतात. म्हणून शिवारातला सरळ, मोकळा रस्ता निवडा आणि डोक्याला हेल्मेट घाला. तिसऱ्या गिअरमध्ये थोडे अंतर पूर्ण रेसने जा, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. इंजिन निवल्यावर प्लग काढून बघा. आतला चिनी मातीचा भाग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा फिकट तपकिरी दिसला, तर माप जमले. पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. प्लग तेलकट ओला असेल तर इंजिनच तेल खाते आहे. ते काम मिस्त्रीचे.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाशी बांधलेली आहे. येसगीच्या पलीकडे बोधनला निजाम शुगरचा मोठा कारखाना होता. १९३७ चा तो कारखाना २०१५ साली बंद पडला. आता ऊस आणि धान्यापासून निघालेले इथेनॉल पेट्रोलात मिसळतात. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पोचले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडे अधिकच उणे पडते. जुनी रबरेही त्याने लवकर खराब होतात, शिवाय ते ओलावा धरते. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाका.

कायदाही ध्यानात असू द्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेली गाडीची रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, आणि कर्कश सायलेन्सर तर पोलीस जप्तच करतात. भाग बदलायचा असेल तर मूळ मापाचा, मान्यताप्राप्त घ्या. सगळ्यांत कमी खर्चाचा उपाय म्हणजे काढून ठेवलेला जुना सायलेन्सर आणि फिल्टर. तो भंगारात घालू नका. परत बसवला की कारखान्याचा हिशेब आपोआप जुळतो.

माय-बहिणींनो, घरचा पोरगा गाडी खोलून बसला तर त्याला रागे भरू नका. त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि केलेला प्रत्येक फेरा लिहून ठेवायला सांगा. ऐन राशीच्या दिवसांत गाडी बंद पडली तर मजूर खोळंबतात, दूध नासते, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. ते टाळण्यासाठी एक प्लगपाना आणि एका सकाळची उसंत पुरते.