तळघरांतील ओल

आमच्या वाईच्या घरास तळघर आहे. घर आजोबांनीं बांधलेलें. भिंती काळ्या दगडाच्या, दरजा चुन्याच्या. पूर्वीं तेथें धान्याच्या कणग्या असत. पुढें तीर्थरूपांच्या हस्तलिखित पोथ्यांची पेटी आम्हींच खालीं नेऊन ठेविली, कारण माडीवर उंदरांचा उपद्रव फार. निर्णय आमचा होता, हें प्रथमच सांगून टाकतों.

२०१९ च्या पावसाळ्यांत नदीकडील भिंतीस लोणा लागला. पांढरी भुकटी झाडावी, तों आठवड्यानें पुन्हा हजर. आम्हीं भिंती घांसून तैलरंगाचे दोन हात देण्याचें ठरविलें. गवंडी म्हणाला, "मास्तर, रंगानं काय होणार? पाणी मागून येतंय." आम्हीं हंसून तो विषय सोडला. तीस वर्षें वर्गावर उभें राहिलें म्हणजे ऐकून घेण्याची संवय उरत नाहीं. पुढील श्रावणांत रंगास फोड आले. बोट लावतांच फुटून आंतून पाणी ओघळे. पेटी उघडली, तों तळच्या तीन पोथ्यांचीं पानें चिकटून वडी झालेली! एकींत तीर्थरूपांच्या हातचीं टिपणें होतीं. धाकट्या बंधूंस हें कळविण्यास आम्हांस चार दिवस लागले. ते एवढेंच म्हणाले, "दादा, मला एकदा विचारायचं होतंत."

आमच्या सूनबाई शाळेंत विज्ञान शिकवितात. त्यांनीं दोन भिंतींवर वीतभर प्लॅस्टिकचे तुकडे चारी कडा चिकटवून लाविले व दोन दिवसांनीं पाहिले. एकावर थेंब पुढल्या बाजूस, नदीकडील भिंतीवर मागल्या बाजूस. म्हणजे रोग दोन होते. पहिला आमच्याच हातचा: हवा खेळावी म्हणून आम्ही भर पावसांत झरोका उघडा ठेवीत असूं, आणि बाहेरची दमट हवा गार दगडास लागून तेथेंच तिचें पाणी होई. झरोका मिटतांच ती भिंत कोरडी राहूं लागली.

दुसरा रोग जमिनींतला. भिंतीलगत अरुंद बोळ, पलीकडे शेजाऱ्यांचा पाया. बाहेरून खणणें शक्य नव्हतें. पन्हळ बसवून पागोळ्यांचें पाणी दूर नेलें, तेवढेंच. सूनबाईंनीं हिशेब करून दाखविला: भिंतीमागें सहा फूट पाणी सांचलें, तर पायथ्याशीं दर चौरस फुटावर सुमारें १७० किलोंचा रेटा येतो. त्यापुढें रंगाचा पापुद्रा काय टिकणार?

मग त्याच गवंड्यास बोलाविलें. त्यानें मागचें कांहींच उकरून काढलें नाहीं. उकरल्या त्या फक्त दरजा, इंचभर खोल. रंगाचा कणही न ठेवितां दगड उघडा केला, भिंत पाण्यानें भिजविली, आणि ओलावा रोखणाऱ्या सिमेंटच्या खळीचे दोन हात ब्रशानें दिले. ओल्या भिंतीस आणखी पाणी कशास, असें आम्हांस वाटलें. परंतु कोरडा दगड खळींतील पाणी शोषून घेतो व तिला पकड येत नाहीं. मध्यावर एक झरा वाहत होता. तो लवकर आळणाऱ्या सिमेंटनें बुजवावयाचा होता. गोळा झऱ्यावर दाबून तो म्हणाला, "मास्तर, धरा. हलवूं नका." तीन-चार मिनिटें तळहाताखालीं गोळा ऊन होत गेला, आणि पाणी थांबलें. पायथ्याचीं छिद्रें मात्र त्यानें मुद्दाम मोकळीं ठेविलीं. त्यांचें पाणी कडेच्या चरांतून कोपऱ्यांतील खड्ड्यांत उतरतें व लहानसा पंप तें बाहेर टाकतो. रात्रीं त्याचा आवाज आला कीं आमचें कुटुंब म्हणतें, "अहो, ऐकलंत का? चालला एकदाचा."

पोथ्या आतां माडीवर लोखंडी कपाटांत आहेत. गणपतींत बंधू आले. आल्याबरोबर विजेरी घेऊन खालीं उतरले, भिंतीवरून हात फिरविला आणि कांहीं न बोलतां वर आले. जातांना टिपणांची ती चिकटलेली पोथी मागून घेतली. परवां त्यांचा फोन आला: अकरा पानें सुटीं झालीं आहेत.