विहिरीतली झाक

मालवणच्या आमच्या घरामागे जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली एक विहीर आहे. श्रावणात, पाऊस उघडीप देई तेव्हा, रहाटाखालच्या ऊन कधीही न पोचणाऱ्या भिंतीवर एक हिरवट सोनेरी झाक उमटत असे. पाहणारा जरासा बाजूला सरकला की ती विझून जाई. लहानपणी मी काकीला तिच्याबद्दल विचारले होते. ‘शेवाळ ता, झिला. दुसरा काय असतला?’ एवढे बोलून तिने मला काठावरून मागे ओढले.

ते शेवाळ नव्हे, हे कळायला तीस वर्षे जावी लागली. महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी पावसाळ्यात घरी आले होते. त्यांनी ओणवे होऊन पाहिले आणि ‘सायाथोडियम’ असे नाव सांगितले. नेमकी जाती ठरवायची तर बीजुके सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतील, असेही ते म्हणाले. ही यकृतका वर्गातली वनस्पती. आमचा धंदा शब्दांचा, त्यामुळे मी आधी त्या नावापाशीच अडखळलो. पानाचा आकार यकृतासारखा, म्हणून ते यकृताच्या रोगावर औषध, अशी जुन्या युरोपातल्या वैद्यांची समजूत होती. आपल्या परिभाषाकारांनी ती समजूत न मानताही तिचे नाव तेवढे भाषांतरून घेतले. मालवणीत मात्र जे जे हिरवे आणि निसरडे, ते सगळे शेवाळच.

त्या झाकेत स्वयंप्रकाश नाही. अंधारातून आत आलेला थोडासा उजेड पृष्ठावरच्या पेशी वळवून परत पाठवतात, एवढेच. वनस्पतीचे अंग, ज्याला कायक म्हणतात, अत्यंत पातळ असते. मुळे नाहीत, एकपेशीय मूलकल्पांच्या आधाराने ती दगडाला धरून राहते. पुंबीजाला अंड्यापर्यंत पोहत जावे लागते. त्याला पाण्याचा पातळ थर पुरतो, पण तो हवाच. गर्भधारणेनंतर जी बीजुके निर्माण करणारी पिढी जन्मते, ती आईपासून कधी वेगळी होत नाही. तिच्याच अंगावर पोसली जाते, बीजुके मोकळी करते आणि संपते. आपण जिला ‘वनस्पती’ म्हणतो ती ही आई. लेकराचे आयुष्य थोड्याच काळाचे.

शिवराम कश्यप (१८८२–१९३४) लाहोरला शिकवत. हिमालयातल्या यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ साली दोन भागांत निघाला. सायाथोडियमच्या एका जातीला ‘ट्यूबरोसम’ हे नाव त्यांनीच दिले. तिला बारीक कंद येतात, आणि कोरडे महिने ती त्या कंदांच्या रूपाने काढते. कश्यपांचे एक म्हणणे मला विशेष आवडते. या वर्गातली साधी रचना ही आरंभीची नसून गुंतागुंतीच्या रचनेतून गळत गळत उरलेली आहे, असे ते मांडत. आजच्या जनुकीय अभ्यासांनीही या गटात अशा गळतीचे दाखले दिले आहेत. साधेपणा हा आरंभ की शेवट, यावर आपण साहित्यात किती वाद घालतो!

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये काकी विहिरीच्या काठावर घसरली आणि तिचा खुबा मोडला. चुलतभावाचा फोन आला: काठ आणि आतली भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घेऊ, चिऱ्यांच्या सांधीतून झाडेही उगवतात. मी लगेच हो म्हटले, निम्मे पैसेही पाठवले. मे महिन्यात गिलावा झाला. त्या दिवसांत भिंत उघडी, कोरडी, मातकट दिसते. तीवर काही जिवंत असेल असे कोणाला वाटणार? मला मात्र ठाऊक होते. फोनवर ते माझ्या तोंडून निघाले नाही. मोडलेल्या खुब्यापुढे कंदांची गोष्ट कोण काढणार? निघायला हवी होती असेही मी आज म्हणणार नाही. पण ती आठवलीच नाही, असे मला म्हणता येत नाही.

यंदा श्रावणात गेलो तेव्हा काकी काठी टेकत मागच्या पडवीपर्यंत आली होती. विहिरीची भिंत करडी आणि ओली होती. मग मी गडग्याच्या कडेने पाहत फिरलो. मोकळ्या मातीवर रिक्सियाच्या दुभंगत गेलेल्या हिरव्या चकत्या पुष्कळ होत्या. त्याही यकृतकाच, त्या चमकत नाहीत.

‘काय हरवला रे तुझा?’ काकीने पडवीतून विचारले.